अडलेली पिस्ता

छत्तीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर होतो. या काळात माझ्या हातून जनावरं मेली. ती प्रत्येक डॉक्टरच्या हातून मरतात. पण मेलेल्या जनावराबद्दल त्याच्या मालकाशी धडधडीत खोटं बोललो ते एकाच जनावराच्या बाबतीत. अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. तसे किस्से माझ्याकडे आहेत. लग्नाच्या वरातीतून थेट दवाखान्यात आलेला घोडा आहे, नवऱ्यामुलासकट. पण लिहायला बसलं की मला तो घोडा दिसत नाही. कमल सिस्टर दिसतात.

माझा दवाखाना हैदराबादच्या गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत होता. सुरुवातीला तिथे गवळ्यांच्या म्हशी जास्त. म्हैस अडली की गवळी मला उठवून न्यायचे. अडलेल्या म्हशीचं काम बाहेरच्याला किळसवाणं वाटेल, पण मला त्याच्याइतकं आवडलेलं दुसरं काम नाही. खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि डोळे मिटून बघायचं. हे खूर, हे डोकं, मान मागे वळली आहे. बोटांना दिसतं ते. मग आतल्या आत रेडकाला सरळ करायचं आणि कळ आली की ओढायचं. ‘डॉक्टरसाब का हात अच्छा है,’ असं गवळी एकमेकांना सांगायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं.

पुढे गोठे शहराबाहेर गेले. दवाखान्यात कुत्री आली, मग परदेशी मांजरं, पोपट, कासवं. हैदराबादेत कॉम्प्युटरवाल्यांची गर्दी झाली तशी प्राण्यांची हौसही बदलली. कुत्र्यांपर्यंत मी सगळं नीट शिकलो. त्यानंतरचं पुस्तकात बघून, अंदाजाने चालवत होतो. नाव झालेलं होतं, त्यामुळे कुणी उलट विचारायचं नाही.

कमल सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळची अकराची वेळ होती, बाहेरच्या बाकावर गर्दी होती. बेगम बाजारातले एक मिरचीचे ठोक व्यापारी आपली मांजर घेऊन बसले होते. ती सारखी शिंकते, अशी त्यांची तक्रार. ती मिरचीच्या गोदामात झोपते, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. त्यांच्या शेजारी एक पॉमेरेनियनवाल्या बाई. आणि या दोघांच्या मध्ये मांडीवर भाजीची झाकणाची टोपली घेऊन साठीच्या पुढच्या, ताठ बसलेल्या कमल सिस्टर.

त्यांना मी नावाने ओळखत होतो. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षांवर नोकरी केली होती. गौलीगुड्यातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातावर जन्मलेलं कुणी ना कुणी होतं. निवृत्त झाल्या तरी सगळे ‘सिस्टर’च म्हणायचे.

त्यांनी टोपली टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत एका फांदीला घट्ट धरून सरडा बसलेला. रंग बदलणारा, डोक्यावर शंकूसारखा तुरा असलेला. आपल्या रानातला नव्हे; रानातला घरात ठेवणं गुन्हा आहे, तो घेऊन कुणी आलं की मी त्यांना वनखात्याकडे पाठवायचो. हा मूळ येमेनकडचा, कागदपत्रं करून विकत घेतलेला. सिस्टरांचा मुलगा निखिल नोकरीसाठी जर्मनीला गेला होता आणि जाताना ही मादी आईवर सोपवून गेला होता. नाव पिस्ता.

“निखिलचा जीव आहे हिच्यावर,” सिस्टर म्हणाल्या. “रोज व्हिडिओवर बघतो. आता चार दिवस झाले, खाणं बंद. पाणी मात्र लई पिते. आणि एका जागी बसत नाही.”

“बघू.” मी पिस्ताला हातात घेतलं. पोट फुगलेलं होतं. रंग गडद हिरवा, त्यावर पिवळे-निळे ठिपके.

“डॉक्टरसाब, मला विचाराल तर हिला दिवस गेलेत.”

“घरात नर आहे?”

“नाही.”

“मग दिवस कसे जातील, सिस्टर? त्याला नवरा लागतो.”

दार उघडंच होतं. बाहेर मिरचीवाले हसले, पॉमेरेनियनवाल्या बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. मलाही माझा विनोद आवडला.

सिस्टर हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, “कोंबडी देते की अंडी, कोंबडा नसताना.”

त्या क्षणी ‘थांबा, मी बघून सांगतो’ एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पुस्तक आतल्या कपाटात होतं. पण बाहेर लोक ऐकत होते.

“कोंबडीची गोष्ट वेगळी,” मी म्हणालो. “हिचं पोट साफ होत नाहीये. माती वगैरे खाते का?”

“खात नाही. पण उकरते. पिंजऱ्यात मनीप्लांटची कुंडी ठेवलीय निखिलने, त्यात उतरून पुढच्या पायांनी माती उकरत बसते. खड्डा करते, परत दुसरीकडे करते.”

“तेच. मातीच गेलीय पोटात. ती कुंडी आजच्या आज बाहेर काढा. खाली नुसता कागद घाला. हे तेल दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ. कोमट पाण्यात बसवा थोडा वेळ.”

सिस्टरांनी पुन्हा एकदा पिस्ताच्या पोटाकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली काम केलेली बाई. डॉक्टरने एकदा सांगितलं की संपलं, ही सवय त्यांच्या अंगात होती. टोपलीचं झाकण लावून त्या गेल्या.

इथे थोडं समजावून सांगतो, म्हणजे मी काय केलं ते वाचणाऱ्याला कळेल. या जातीची मादी वयात आली की नर असो वा नसो, तिच्या पोटात अंडी धरतात. वीस, तीस, कधी त्याहून जास्त. दिवस भरले की ती झाडावरून खाली उतरते. खाणं सोडते, पाणी पिते आणि ओलसर माती शोधत फिरते. हातभर खोल बीळ खणून, त्यात शिरून तिला अंडी घालायची असतात. बीळ खणता येईल अशी माती मिळाली नाही, किंवा कुणी बघतंय असं वाटलं, तर ती अंडी धरून ठेवते. धरून धरून ती आत अडकतात आणि मादी मरते. पिस्ता त्या लहानशा कुंडीत जे करत होती ते एवढंच होतं. कुंडी उथळ होती, तिला मोठी हवी होती. मी होती तीही काढायला लावली.

सिस्टरांचे दोन फोन आले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, “कागदावरच उकरत बसते, डॉक्टरसाब. नखांचा आवाज येतो.” मी म्हणालो, तेल चालू ठेवा. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “दिवसा डोळे मिटून बसते आता.” मी म्हणालो, अशक्तपणा आहे, जाईल.

नवव्या दिवशी त्या पिस्ताला रुमालात घेऊन आल्या. डोळे खोल गेलेले, पकड सुटलेली. मी सिस्टरांना बाहेर बसवलं आणि पहिल्यांदा एक्स-रे काढला. फिल्म दिव्यासमोर धरली. बरगड्यांपासून शेपटीच्या मुळापर्यंत गोल गोल सावल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. पिशवीत वाटाणे भरावेत तशा.

कॅल्शियमचं इंजेक्शन भरलं. ते देत असतानाच ती माझ्या हातात गेली. मग मी पोट उघडलं. अंडी पांढरी, मऊ सालीची, चिंचोक्याएवढी. काही कुजायला लागली होती. टेबलाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाकावरून सिस्टरांचा खाकरल्याचा आवाज आला तेव्हा मी ती अंडी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, पोट शिवलं आणि हात धुऊन बाहेर गेलो.

“गाठ होती,” मी म्हणालो. “आतून पसरलेली. आधीपासूनची असणार. कुणालाच काही करता आलं नसतं.”

“गाठ?”

“हो.”

“मला बघता येईल?”

“नका बघू, सिस्टर. त्रास होईल.”

त्यांनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. रुमालात गुंडाळलेली पिस्ता घेतली आणि जाताना म्हणाल्या, “तुम्ही लई केलंत तिच्यासाठी.”

त्यानंतर गल्लीतली दोन-तीन घरं माझ्याकडे नव्याने आली. सिस्टरांनी पाठवलं, म्हणायची. दसऱ्याला त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. मी खाल्ल्या नाहीत, परत पाठवायचं धाडसही झालं नाही. कंपाउंडर घेऊन गेला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, स्वप्ना, बंगळुरूला फक्त सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करते. तिला फोन केला. माझ्या एका मित्राकडे अशी केस आली होती, म्हटलं. तिने दहा मिनिटांत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “सर, तुमच्या मित्राला सांगा, मालक जे सांगतात ते आधी लिहून घ्यायचं. त्या बाईंनी त्यांना सगळी लक्षणं सांगितली होती.” मी म्हणालो, सांगतो.

वर्ष उलटून गेलं. एके दिवशी सिस्टर परत दारात. तीच टोपली. निखिलचा एक मित्र बदली होऊन दिल्लीला चालला होता, त्याने आपली मादी त्यांना आणून दिली होती. “मला सांभाळता येतं असं वाटतं सगळ्यांना,” त्या म्हणाल्या.

या वेळी बाहेर कुणी नव्हतं. तेच फुगलेलं पोट, तेच ठिपके. मी विचारलं, “काय वाटतं तुम्हाला, सिस्टर?”

“मी नाही बोलत. काय आहे ते तुम्हीच सांगा, डॉक्टरसाब.”

साध्या आवाजात म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. तीस वर्षं हजारो बायांच्या पोटावर हात ठेवून सांगणारी बाई आता सरड्याच्या पोटाबद्दलही बोलायला तयार नव्हती. हे मीच करून ठेवलं होतं.

मी एक्स-रे काढून त्यांच्यासमोर धरला. “अंडी आहेत. तुम्ही कोंबडीचं म्हणाला होतात ते बरोबर होतं. नर लागत नाही.”

त्या फिल्मकडे बघत राहिल्या. मग मान न वळवता विचारलं, “मग पिस्ता?”

त्याच वेळी सांगायचं होतं. मी म्हणालो, “तिची गोष्ट वेगळी होती.”

दुसऱ्यांदा खोटं बोलताना तोंड तेवढं जड होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी रोज दुपारी दवाखाना बंद करून त्यांच्या घरी जायला लागलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, मागे बाल्कनी, तिथे उंच जाळीचा पिंजरा. सिस्टरांना वाटलं, डॉक्टर फार मन लावून करतायत. बेगम बाजारातून त्यांनी खोल प्लास्टिकची बादली आणली. शेजारच्या बांधकामावरची वाळू चार पाण्यांनी धुतली, त्यात बागेची माती मिसळली. मी त्यांना दाखवलं, ओल अशी हवी की बोट खुपसून काढलं तर भोक तसंच राहिलं पाहिजे, ढासळता कामा नये. त्यांनी बोट खुपसलं, थोडं पाणी शिंपडलं, पुन्हा खुपसलं. माझ्यापेक्षा त्यांना चांगलं जमलं. खायला रातकिडे देणं कमी केलं, दिलेल्यांवर कॅल्शियमची पूड. पाण्याचा फवारा दिवसातून तीनदा. आणि मी सांगायच्या आत त्यांनी पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या होत्या.

“पडदा पाहिजे,” त्या म्हणाल्या. “कुणी बघत असलं की कळा थांबतात. बाईच्या पण थांबतात.”

“नाव काय ठेवलंय हिचं?”

“सुटका होऊ दे. मग ठेवू.”

पाचव्या दिवशी ती खाली उतरली आणि बादलीत शिरली. आम्ही खोलीत खुर्च्या टाकून बसलो. साडीच्या फटीतून एका डोळ्याने आळीपाळीने बघायचं, बोलायचं ते हळू. पहिलं बीळ तिने अर्ध्यात सोडलं. दुसरं खणायला घेतलं. वाळू मागे उडायची, मग नुसती शेपटीच दिसायची.

खूप वेळाने सिस्टर म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात पडदे नव्हते. एका ओळीत सगळ्या. ओरडल्या की आम्ही त्यांच्यावर ओरडायचो. तेव्हा लाज नाही वाटली का, असं म्हणायचो बायांना. एक-दोघींना मांडीवर चापट पण मारलीय मी.”

मी खुर्ची मागे सरकवून फटीची जागा त्यांना दिली.

“एक होती. नारायणम्मा. सारखी म्हणत होती, सिस्टर, काहीतरी चुकतंय, पहिल्या वेळी असं नव्हतं. मी म्हटलं, गप पड, तुला काय कळतं. मूल गेलं तिचं. डॉक्टरांनी लिहिलं काहीतरी. पण तिने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.” त्या फटीतून बघत होत्या. “नंतर शोधलं मी तिला. पत्ता अफझलगंजचा होता. तिथे कुणी नव्हतं.”

बादलीत हालचाल थांबली होती. ती आत वळून बसली होती, तोंड वर. सिस्टरांनी मला खूण केली. अंडी घालणं सुरू झालं होतं.

पुढचे दोन-अडीच तास असेच फटीतून बघण्यात गेले. मग ती वर आली, मातीने माखलेली, पोट खपाटीला गेलेलं. पण लगेच झाडावर गेली नाही. पुढच्या-मागच्या पायांनी वाळू लोटून तिने बीळ बुजवलं, वरून दाबलं, सगळं सारखं केलं. नंतरच फांदीवर चढली. सिस्टरांनी फवारा मारला, ती पानांवरचं पाणी चाटत राहिली.

“या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत ना?”

“नाही.”

“तरी एवढं सगळं करावं लागतं तिला,” सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू बघितलं.

ते हसू बघून मला पुढे राहवेना. मी म्हणालो, “सिस्टर, पिस्ताला गाठ नव्हती.”

त्या माझ्याकडे वळल्या.

“तिच्या पोटात अंडीच होती. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं ते बरोबर होतं. कुंडी मी काढायला लावली म्हणून तिला घालता आली नाहीत. ती गेल्यावर मी पोट उघडून बघितलं, मला सगळं कळलं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं.”

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सिस्टर ते ऐकत असल्यासारख्या बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, “दुखत होतं तिला?”

खरं तर माझ्या मनात एक पळवाट तयार होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वेदनांबद्दल आपल्याला नक्की सांगता येत नाही, वगैरे. मी ती वापरली नाही. “हो,” म्हटलं.

“नऊ दिवस?”

“हो.”

“मी तेल पाजत होते तिला. तोंड उघडत नव्हती तर बोटाने उघडून पाजलं.” त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. “आणि निखिल काय म्हणाला माहितीय तुम्हाला? आई, गाठ असती तर मी असतानाच दिसली असती. तू काय खायला घातलंस तिला? तेव्हापासून तो व्हिडिओवर येतो, पण आधीसारखा बोलत नाही. मी त्याला म्हटलं, डॉक्टरसाब खोटं कशाला बोलतील.”

हे मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी माझीच लाज चघळत बसलो होतो. ती लाज या घरात काय करून बसली होती, याचा विचारच केला नव्हता.

सिस्टरांनी फोन लावला. जर्मनीत दुपार होती. पडद्यावर निखिल, हातात कॉफीचा मग.

“डॉक्टरसाब आहेत इथे. त्यांना तुला काही सांगायचंय,” त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. मध्ये एकदा थांबलो तर सिस्टर शेजारून म्हणाल्या, “हसला होतात तेही सांगा.” मी तेही सांगितलं. लोकांसमोर तुझ्या आईची थट्टा केली, ती बरोबर होती, मी नव्हतो. निखिलने हातातला मग खाली ठेवला. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच मुलाने माझ्याकडे कबुतर आणलं होतं, असं मला उगाच आठवलं. तो म्हणाला, “आईला द्या फोन.”

फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलेलं होतं. आधी बराच वेळ तोच बोलत होता. मग सिस्टरांचा आवाज आला, “रडू नको रे. ऑफिस आहे ना तुला.” मी चपला घातल्या.

त्या दाराशी आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मी म्हणालो, “सिस्टर, मला माफ करा असं म्हणायचा मला...”

“नक्को,” त्यांनी हात वर केला. “ते नका बोलू आता.” मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत म्हणाल्या, “उद्या येऊ नका. परवा या. हिला बघायला लागेल ना?”

परवा मी गेलो. त्यांनी दार उघडलं, ‘या’ म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. मादी फांदीवर होती, रंग पोपटी झाला होता, एक रातकिडा खाल्ला होता. पण मागचा उजवा पाय फांदीवर नीट आवळत नव्हता. मी तो दोनदा सोडवून बघितला.

“का असं?” सिस्टरांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “बंगळुरूला विचारून सांगावं लागेल.”

त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“विचारा,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”